कादरभायची डबल बेल

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्यानं, शक्यतो उभं राहून ऐकावं अशा स्वरात कळवण्यात येतं की, रियाध शहरात रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणी हात दाखवला तर यापुढे कोणतीही बस थांबणार नाही. ज्या एका इसमामुळे ती थांबत असे, तो अब्दुल कादर परकार, राहणार अल मलाझ, मूळचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, गेल्या महिन्यात वारला. तरी उन्हात ताटकळणाऱ्यांनी आपापली सोय पाहावी.

ही घोषणा मी कादरभायला वाचून दाखवली असती तर तो म्हणाला असता, ‘उभा राहून कशाला? बसून आयकूदेत की, जागा हाय.’ त्याच्या गाडीत जागा नेहमीच असायची. नसली तर तो करायचा.

बातमी आली तेव्हा मी मलाझमधल्या माझ्या दुकानाचं शटर वर ढकलत होतो. एसी दुरुस्तीचं दुकान आहे माझं, तीसेक वर्षांचं. फोन कादरभायच्या मुलाचा, इम्रानचा. इम्रान इथेच जन्मला, इथल्या भारतीय शाळेत शिकला, आता एका बँकेत मोठ्या जागेवर आहे. बापानं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला त्यानं आयुष्यभर इंग्रजीत उत्तर दिलं. त्या सकाळीही तो इंग्रजीतच म्हणाला, ‘अंकल, अब्बा इज नो मोअर.’ मी शेजारीच पडलेल्या एका जुन्या एसीच्या डब्यावर मटकन बसलो. कसं झालं, विचारलं. म्हणाला, अब्बांनी चहा घेतला, टोपी घातली, बूट घातले आणि दाराजवळच्या खुर्चीत आपल्या कामावरच्या, शाळेच्या बसची वाट बघत बसले. खाली बसनं हॉर्न दिला, तरी उठले नाहीत... म्हणजे बघा. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना गाडीसाठी ताटकळू दिलं नाही, त्याच्यासाठी त्या दिवशी गाडी ताटकळली. एवढा हिशेब तर त्याचा निघतच होता.

आमची ओळख झाली ती कुवेतच्या लढाईच्या साली, दम्मामच्या एका बस कंपनीच्या यार्डात. मी चिपळूणचा, बावीस वर्षांचा, नवाकोरा मेकॅनिक. अंगावरचा कोरा डांगरी पोशाख मी अजून दोनदाही धुतला नव्हता. कादरभाय अडतीस-चाळिशीचा. कोकणात लाल गाडीवर ड्रायव्हर होता, घाटातली नोकरी सोडून काही महिन्यांपूर्वीच वाळवंटात आलेला. यार्डात पहिल्याच दिवशी मी त्याच्या गाडीखाली आडवा होऊन नट आवळत होतो, तर वरून आवाज आला, ‘गाव खयचा रे तुझा?’ मी गाडीखालूनच चिपळूण म्हटलं. ‘मग बरोबर आवळ,’ तो म्हणाला, ‘आपल्याकडे रस्त्याला वळणं हायत.’ तेव्हापासून मरेपर्यंत त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली नाही. ‘मेकॅनिक’ हेच माझं नाव. आमच्या लग्नाच्या आमंत्रणावरही त्यानं ते तसंच छापायला सांगितलं होतं. सासऱ्यांनी वेळीच थांबवलं.

लढाई तोंडावर आली आणि सैन्याला जखमी आणायला गाड्या हव्या झाल्या. आमच्या बसमधली आसनं उपटून दोन्ही बाजूंनी स्ट्रेचर टांगण्यात आले, खाली एक, वर एक. आमचे सुपरवायझर होते हैदराबादचे रज्जाकसाब. गुबगुबीत, अत्तर लावणारे, अत्यंत भित्रे आणि मनानं सोन्यासारखे. त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि विचारलं की सीमेकडे कोण जाणार, हात वर करा. सगळ्यांचे हात खिशात गेले. कादरभायचा वर गेला. मी मनातल्या मनात त्याच्या धाडसाला सलाम ठोकत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, ‘और ये मेकॅनिक भी आ रहा है.’ अशा रीतीनं मी युद्धात सामील झालो.

आता मुख्य पात्राचा प्रवेश. ती एक घंटी होती. लाल गाडीत कंडक्टर दोरी ओढतो आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटी वाजते, हे सांगायला नको. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. कादरभाय कोकण सोडून निघाला तेव्हा डेपोतल्या दोस्तांनी भंगारातल्या गाडीची एक घंटी काढून त्याला निरोपाची भेट दिली होती. ती त्यानं मला दाखवली आणि गंभीरपणे म्हणाला, ही गाडीत बसव. मी विचारलं, कंडक्टर कुठाय? त्यावर त्यानं जे कारण दिलं ते ऐकून मी हसून लोळलो. इतकी वर्षं डबल बेल ऐकल्यावरच क्लच सोडायची सवय झालेली. घंटी वाजल्याशिवाय त्याचा पायच उठत नव्हता. यार्डातून गाडी बाहेर काढताना तो स्वतःच तोंडानं ‘टिंग टिंग’ म्हणायचा, हे मी नंतर स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मी घंटी बसवली. कपडे वाळत घालायची निळी दोरी छताखालून शेवटच्या स्ट्रेचरपर्यंत नेली. वरच्या रांगेतल्या कुठल्याही जखमीचा हात पोचेल अशी. गाडी भरली की कादरभाय मागे वळून, एक बोट वर करून सांगायचा, ‘वाहिद – खलास.’ मग दोन बोटं: ‘इतनैन – यल्ला.’ त्याचं सगळं अरबी बहुधा एवढंच होतं. पण तेवढ्यात काम भागायचं. त्या गाडीत सौदी असायचे, इजिप्तचे असायचे, मोरोक्कोचे, कधी आणखी कुठले. एकमेकांचं बोलणं त्यांना कळो न कळो, दोरी कळायची. बरं, गंमत अशी की माणूस कितीही जखमी असो, डोक्यावर घंटीची दोरी दिसली की ती ओढायची इच्छा होतेच. हात प्लास्टरमध्ये असलेल्यांनी शेजाऱ्याला ओढायला लावलेलं मी पाहिलंय. सौदी कॅप्टनला हा प्रकार कळला तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. पण दोरी काही काढायला लावली नाही.

रस्ता कसा होता? तेलविहिरी पेटल्या होत्या. धुरानं दुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागायची, काचेवर काळा चिकट थर बसायचा आणि वाळू इंजिनात शिरायची... म्हणूनच मी बरोबर. थंडी अशी की दात वाजायचे. वाळवंट म्हणजे उकाडा अशी समजूत करून घेऊन एकही स्वेटर न आणणारा मी, जखमींना पांघरायच्या घोंगड्यांकडे आशेनं बघायचो. आणि हुकूम एकच, तीनदा बजावलेला: सीमेपासून तंबूतल्या इस्पितळापर्यंत गाडी कुठेही, कशासाठीही थांबवायची नाही. वाटेत सुरुंग, वाटेत घात, आणि आत रक्त जाणारी माणसं. हुकूम शहाणपणाचा होता. हे मी आजही म्हणतो.

त्या दिवशी गाडी गच्च भरली होती. वरच्या रांगेत दाराजवळ पोटात गोळी लागलेला एक इजिप्तचा सैनिक होता. दाट मिशा, तोंड राखेसारखं. त्याच्याजवळ त्याच्याच देशाचा परिचारक बसलेला, जखमेवर दाबून धरून. तो दर थोड्या वेळानं पुढे ओरडायचा, यल्ला, यल्ला. कादरभायनं गाडी अशी पळवली होती की घाटातल्या त्याच्या जुन्या उतारूंनी जीव मुठीत धरला असता. आणि धुरातून अचानक रस्त्याच्या कडेला एक माणूस दिसला. बसलेला. एक पाय गुडघ्याखाली रक्ताळलेला, अंगावर समोरच्या बाजूचा, इराकी गणवेश. त्यानं हात वर केला.

गाडी थांबली.

मी शपथेवर सांगतो, कादरभायनं विचार केला नव्हता. विचार करणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. आरशात कमी दिसतो, म्हणून इतरांचा नीट बघतो. कोकणात लाल गाडीला वाटेत कुणीही हात दाखवला की ती थांबते. डोक्यावर माशांची पाटी असो की काखेत कोंबडा. त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला होता. विचार त्यानंतर आला, आणि तो मी पाहिला. त्यानं आरशात मागच्या स्ट्रेचरकडे पाहिलं. मग खिडकीतून त्या माणसाकडे. परिचारक किंचाळत होता: ममनू, मनाई आहे, हा मेला तर तुझ्या मानेवर. ते खोटं नव्हतं. मीही म्हणालो, ‘कादरभाय, चला. हा शत्रू आहे.’

तो दार उघडत म्हणाला, ‘आता थांबलाव ना? मग घे त्याला वर. ऊठ, मेकॅनिक.’

मी उतरलो. त्या इराकी माणसाच्या हातात काही नव्हतं, खिशात खजुराच्या दोन बिया होत्या. कादरभायनं काखेतून धरलं, मी पाय धरला, आणि त्याला दोन रांगांमधल्या वाटेत निजवला. ज्यांना त्याच्या बाजूच्या लोकांनी गोळ्या घातल्या होत्या, ती सगळी माणसं वरून-खालून त्याच्याकडे बघत होती. तोही त्यांच्याकडे बघत होता. कादरभाय आपल्या जागेवर जाऊन बसला, पण गाडी हलेना. परिचारक माझ्याकडे बघतो, मी कादरभायकडे. मला कळलं. तो बेलची वाट बघत होता. अशा वेळी, अशा ठिकाणी! मी दोरीकडे हात नेणार, तोच वरच्या रांगेतून एक हात बाहेर आला. पोटात गोळी लागलेल्या त्या मिशीवाल्याचा. त्यानं दोरी धरली.

टिंग. टिंग.

गाडी निघाली.

आता दुसरा अंक, आणि यात प्रमुख भूमिका माझी. इस्पितळाच्या तंबूपाशी पोचताच परिचारकानं सगळं सांगून टाकलं. कॅप्टन यार्डात येणार, कादरभायला जाब विचारणार, आणि कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाला, सांगून विमानात बसवणार, हे नक्की झालं. रज्जाकसाबांनी आम्हाला कोपऱ्यात घेतलं. ते घामानं आणि अत्तरानं दोन्हीनं निथळत होते. ‘मियाँ,’ ते कादरभायला म्हणाले, ‘बस इत्ता बोल देव, इंजन गरम हो गया था. गाडी खुद रुक गयी. बाकी मैं संभालतूं.’ मला त्यांनी कामाला लावलं. मी बॉनेट उघडलं, तोंडाला ग्रीस फासलं, एक निरोगी पाइप काढून हातात घेतला, इंजिनवर बादलीभर पाणी ओतून वाफ काढली आणि चेहऱ्यावर असं दुःख आणलं की जणू ते इंजिन माझ्या मांडीवर मोठं झालं होतं. कॅप्टन आला. मी पाइप वर धरून, मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, उष्णता, वाळू आणि दैव या तिघांवर एक भाषण ठोकलं. कॅप्टन मान डोलवायला लागला होता हो! रज्जाकसाबांचा जीव भांड्यात पडत होता. आणि मागून कादरभायचा शांत आवाज आला.

‘ये नाटक कर रहा है. गाडी एकदम ठीक है. मैंने रोकी.’

रज्जाकसाबांनी डोळे मिटले. कॅप्टननं विचारलं, का? रज्जाकसाब मेल्या आवाजात दोन्हीकडचं भाषांतर करत होते. कादरभाय म्हणाला, त्यानं हात दाखवला. कॅप्टन म्हणाला, हुकूम होता. कादरभाय म्हणाला, होय. कॅप्टन म्हणाला, पुन्हा कुणी हात दाखवला तर? बोला की नाही थांबणार, मी मनात ओरडत होतो. गावाला अर्ध्यावर आलेलं घर होतं त्याचं, लाल गाडीची नोकरी तो सोडून आला होता; विमानात बसवला असता तर परत जायला जागा नव्हती. कादरभाय म्हणाला, पुन्हा कुणी दाखवला तर पुन्हा थांबेन. साहेबाला हवा तर दुसरा ड्रायव्हर मिळेल. पण माझ्या गाडीला बिघडलेली म्हणायचं नाही.

ड्रायव्हर आधीच कमी पडत होते म्हणून असेल, विमानात न बसवता कॅप्टननं त्याला जखमींच्या गाडीवरून काढून पाण्याच्या टँकरवर टाकलं. त्याच रस्त्यावर, पण पाणी घेऊन. शिक्षा म्हणून. रज्जाकसाबांनी देवाचे आभार मानले. मी घंटी काढून घेतली आणि कादरभायच्या टँकरमध्ये बसवली. कशासाठी, मलाही माहीत नव्हतं. दोनच दिवसांनी टँकर इस्पितळासमोर येऊन उभा राहिला. केबिनमध्ये एक जखमी, त्याच्या मांडीवर दुसरा, आणि टाकीवरच्या शिडीला धरून तिसरा. एक आपला, दोन तिकडचे. कॅप्टन बाहेर आला. कादरभाय खाली उतरला आणि त्यानं आपला एक हात वर करून दाखवला, म्हणजे या तिघांनी असा दाखवला. कॅप्टन त्या टँकरकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं आता गोळीच घालतो. मग त्यानं रज्जाकसाबांना अरबीत काहीतरी सांगितलं. रज्जाकसाब आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. ‘बोलरैं, इसकू बस वापस देव. बस में कम से कम स्ट्रेचर तो हैं.’

बऱ्याच वर्षांनी मी त्याला एकदा विचारलं की तो मिशीवाला गेला असता तर? तो गेला नव्हता. पुढच्या प्रत्येक फेरीला कादरभाय तंबूत जाऊन त्याला आधी बघून यायचा, हे मला ठाऊक होतं. भाभी, म्हणजे त्याची बायको फातिमा, चहा घेऊन आली, तिनं कप ठेवले. कादरभायनं एक कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, ‘गेला असता तर ते माझ्यावर आला असता. आला तर आला. पण पुढे गेलाव असतो तर तो हात आरशात दिसत ऱ्हाला असता. आणि मना आरशात बघायला लागता रे. ड्रायव्हर हाय मी.’

लढाई संपली, मी रियाधला आलो, दुकान टाकलं. तोही आला आणि भारतीय मुलांच्या शाळेच्या बसवर लागला. घंटी आलीच. नजर अधू झाल्यावर त्याचं स्टिअरिंग सुटलं, पण मुलांना चढवायला-उतरवायला मदतनीस म्हणून त्याला त्याच बसमध्ये ठेवलं, आणि त्याचा आनंद काय सांगू! आयुष्यभर जी बेल ऐकली ती आता स्वतः मारायला मिळाली. मुलं त्याला ‘बेल-अंकल’ म्हणायची. फक्त एक भानगड व्हायची. मुलं उतरली आणि बस रिकामी झाली की वाटेत उन्हात उभा राहून कुणी मजूर, कुणी पार्सल पोचवणारा पोऱ्या हात दाखवायचा, आणि हा सिंगल बेल मारायचा. आणि गाडी थांबायची. कंपनीकडून ताकीद यायची. इम्रानच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, तो राहत होता, तेव्हा फोन इम्रानला जायचे, आणि इम्रानचा जीव खालीवर व्हायचा. गेल्या ईदला त्यांच्या घरी बिर्याणी खाताना दोघांचं कडाक्याचं वाजलं. इम्रान म्हणाला, अब्बा, दिस इज नॉट कोकण, कॅमेरे आहेत, दंड आहे, मला नोटीस येईल. सगळं इंग्रजीत. त्याचं काही चुकत नव्हतं. कादरभाय हाड चोखत शांतपणे म्हणाला, ‘मग काय, हात दाखवणाऱ्याचा इकामा बघून गाडी थांबवायची?’ इम्रान ताट सोडून उठून गेला. त्यानंतर बापलेकांत त्या विषयावर बोलणं झालं नाही. त्यानंतर बापही राहिला नाही.

दफनाला जायला शाळेच्या कंपनीनं त्याचीच बस दिली. माणसं एवढी की उभं राहायला लागलं. रज्जाकसाब आता नाहीत, पण त्यांचा मुलगा आला होता, तसाच गुबगुबीत, तेच अत्तर. नमाज झाली, माती झाली. मी हिंदू, कडेला उभा राहून ओंजळभर वाळू टाकली. परतताना सगळे बसमध्ये बसले, नव्या मल्याळी ड्रायव्हरनं चावी फिरवली आणि बस जागची हलेना. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला कळलं. ड्रायव्हर कादरभायच्या हाताखाली तयार झालेला होता. बेलची वाट बघत होता. दोरी अजून तीच, निळी, मध्ये दोन ठिकाणी गाठी मारलेली. मी उठलो आणि दोनदा ओढली. डोळे मग पुसले.

मोठ्या रस्त्याला लागलो. वर कॅमेरे, कडेला थांबायला मनाई. इम्रान मागच्या आसनावर, पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांना माती लागलेली, खिडकीबाहेर बघत बसलेला. पुढे रस्त्याच्या कामावरचा एक माणूस केशरी जाकिटात उभा होता, पायाशी पाण्याची रिकामी बाटली. त्यानं बस बघून हात वर केला. ड्रायव्हरनं त्याला पाहिलं. आम्हीही पाहिलं. ड्रायव्हरला कंपनीचा नियम माहीत होता, आणि त्याला तो पाळायचा होता. बस पुढे सरकली. आणि मागून कुणीतरी धाडकन उठलं, दोरी इतक्या जोरात ओढली की घंटी निखळून ड्रायव्हरच्या मांडीत पडली, आणि आयुष्यात मी ज्याच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता, तो इम्रान सगळ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला:

‘अरे थांबव गाडी! हात दाखवलान ना त्यानं!’